परक्या फौजेतला माझा भाऊ

माझा भाऊ लढायला गेला नव्हता. हे वाक्य मी पोलिसांना सांगितलं, वकिलांना सांगितलं, गावातल्या माणसांना सांगितलं, दिल्लीला लेखी कळवलं. प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस आधी मान हलवायचा आणि मग विचारायचा, "पण मग बंदूक कशी आली हातात?"

मी जुन्नरला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसते. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं लिहून देते. माहेर माझं आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला. तिथे धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची सातवीतली मुलगी राहतात. मी इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही, भावजयीने तशी अट घातली आहे. देशाचंही नाव नको म्हणाली. "परत कुणी दाराशी यायला नको, आक्का." म्हणून एवढंच लिहिते की दोन परके देश एकमेकांशी लढत होते आणि त्यातल्या एकाशीही आमचं काही भांडण नव्हतं. त्या युद्धाच्या बातम्या आम्ही इतरांसारख्याच टीव्हीवर बघायचो आणि चॅनेल बदलायचो.

भाऊ चाकणच्या बाजूला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. कंत्राट संपलं, नव्या कंत्राटदाराने स्वतःची माणसं आणली आणि भाऊ घरी बसला. घरी म्हणजे शेतात. कांदा, थोडा ऊस. मेहनतीला वाघ. उसात बिबट्याचे ताजे ठसे दिसले तरी पाण्याची दारं धरायला जाणारा माणूस. पण हाताला मशिनची सवय लागलेली. कुणीतरी त्याला मोबाइलवर जाहिरात पाठवली: परदेशात गोदामात हेल्पर, राहणं-खाणं तिकडून.

एजंटचं ऑफिस हायवेवरच्या एका गावात होतं. मी स्वतः भावाबरोबर गेले होते. हे मला लिहावंच लागेल, कारण ते मी कुणाला सांगत नाही. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर जगाचा नकाशा. एजंट गोडबोल्या, आम्हाला "या पावणं" म्हणून त्याने चहा मागवला. मी विचारलं, "करारपत्र कुठंय?"

"करार तिकडं गेल्यावर होतो, ताई. तिथला कायदाच तसा आहे. हा व्हिसा बघा."

मी बघितला. व्हिसा पाहुणा म्हणून जाण्याचा होता, कामाचा नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "तिकडं कन्व्हर्ट होतो. सगळ्यांचा तसाच जातो." आयुष्यभर लोकांना मी सांगत आले की कागद वाचल्याशिवाय सही करू नका. तिथे वाचायला कागदच नव्हता आणि तरीही मी उठून आले. भाऊ खुशीत होता. त्याची खुशी मोडायची माझी हिंमत झाली नाही.

तो गेला. पहिले काही दिवस बर्फाचे फोटो आले. एका फोटोत त्याच्या मिशीवर बर्फ होता, तो बघून पोरगी खिदळली. मग फोन बंद.

आठ-नऊ दिवसांनी भर दुपारी माझ्या टेबलावर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. समोर एक म्हातारा सातबाऱ्याची फाईल धरून बसला होता.

"आक्का, मी बोलतोय. आमाला फौजेत घातलंय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "कुठल्या फौजेत?"

"हितल्याच. कपडे दिलेत. बंदूक शिकवत्यात. आक्का, फोन दुसऱ्याचा हाय, लई बोलता येत न्हाई."

"तू सही कशाला केलीस?"

"लई पानं व्हती. एक अक्षर वळखता येत न्हवतं. दुभाषा म्हणला, गोदामात राहायचा परवाना हाय, तुज्या आदी सगळ्यांनी केलीया. पासपोर्ट तर आदीच काढून घेतला व्हता." मग म्हणाला, "तिला नको सांगू एवढ्यात."

फोन कटला. त्या नंबरवर मी सतरा वेळा फोन लावला. म्हातारा उठला, त्याने माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि फाईल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. कुठल्या ते लिहीत नाही. एजंटविरुद्ध फसवणुकीची तक्रार मी घरूनच लिहून नेली होती, चार पानी, मुद्दे घालून. ड्युटीवरच्या साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"बाई, परदेशी सैन्यात जाणं हा गुन्हा आहे, माहितीय का तुम्हाला? म्हणजे तक्रार कुणाविरुद्ध होईल? तुमच्या भावाविरुद्ध."

"तो गेला नाही साहेब. त्याला नेलंय."

"विमानात उचलून नेला का? स्वतःच्या पायांनी चढला ना?"

मी तिथून बाहेर पडले. रडू नव्हतं येत, संताप होता. दरोडा पडलेल्या घरात जाऊन पोलिसांनी घरधन्यालाच विचारावं की दाराला कडी का नव्हती, तसं झालं. तिथून थेट मी एजंटच्या ऑफिसात गेले. तो अजून तिथेच होता, तोच गारवा, तोच नकाशा. चहा मात्र मागवला नाही.

"ताई, त्याने सही केलीय तिकडं. सज्ञान माणूस आहे. मी फक्त तिकीट काढलं."

"तुम्ही गोदाम सांगितलं होतंत."

"गोदामच होतं. तिथून त्याने पुढं काय केलं, मला काय ठाऊक?"

टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याच्या नकाशावर मारावा असं मला वाटलं. मारला नाही. आजही त्याचं वाईट वाटतं.

भावजयीला मग मी सांगितलंच. ती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, "जिवंत हाय ना?" मी हो म्हणाले. "मग सुभेदारांकडं जाऊ."

सुभेदार म्हणजे आमच्या शेजारच्या वस्तीवरचे निवृत्त फौजी. धनगराचं घर. त्यांच्या भावाकडे अजून मेंढरं आहेत. त्यांना नावाने कुणीच हाक मारत नाही. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात मेंढरांची लोकर कातरायची कात्री घासत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच प्रश्न विचारला, "शपथ कुणाची घ्याया लावली त्याला?"

मला माहीत नव्हतं.

"फौजेत जायचं म्हंजी आदी शपथ आसती. मी घेतली ती माज्या मुलखाची. तेवढ्यावर मानूस हुबा ऱ्हातो, न्हाईतर गोळीफुडं कोन हुबा ऱ्हाईल? आन ह्याला कुनाच्या झेंड्याखाली हुबा केलाय, ते त्यालाच ठावं न्हाई!" त्यांचा आवाज चढला होता. कात्री त्यांनी दगडावर आपटली. "कायदा हाय ना? आसायलाच पायजे. पन तो भरती करनाऱ्याला धराया पायजे आदी."

त्या दिवसापासून सुभेदार माझ्याबरोबर प्रत्येक ठिकाणी आले. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं नाहीत, हातात कापडी पिशवी. जुन्नरच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी पुस्तक काढून आम्हाला नीट समजावून सांगितलं. भारताशी ज्या देशाचं सख्य आहे त्याच्याविरुद्ध कुणी युद्ध केलं तर तो आपल्याकडे गुन्हा आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आणखी एक, इंग्रजांच्या काळात केलेला कायदाही त्यांनी सांगितला: बाहेरच्या राजवटीसाठी इथली माणसं भरती करायला सरकार मनाई करू शकतं.

"मग त्या दुसऱ्या कायद्यात एजंटला घ्या की," मी म्हणाले.

"त्यासाठी सरकारचा हुकूम लागतो ताई. तो कधी निघाल्याचं मला तरी माहीत नाही. तुम्ही फसवणुकीवरच भर द्या."

परतताना एसटीत सुभेदार म्हणाले, आमच्या शेजारच्या एका गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेला दगड आहे. मोठ्या लढाईला, म्हणजे पहिल्या महायुद्धाला, या गावातून इतकी माणसं गेली, इतकी परत आली नाहीत, एवढंच त्यावर कोरलंय. "नाव एकाचंबी न्हाई. नुसता आकडा."

आम्ही दिल्लीला अर्ज केले, आपल्या वकिलातीला ई-मेल केले. ते मीच लिहिले. लिहिताना बाकीच्या लोकांचे अर्ज मागे पडले, लोकांनी समजून घेतलं. पण सगळ्यांनीच असं नाही. गावातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी भावाचा फोटो रणगाड्यावर चिकटवला, खाली "आंबेगावचा वाघ" असं लिहिलं, मागे ढोल-ताशे लावले. तो व्हिडिओ शाळेत पोरीला दाखवला गेला. एका शिक्षकानेच कौतुकाने विचारलं, "काय गं, पप्पा लढायला गेलेत का?" ती घरी येऊन दप्तरासकट पांघरूण घेऊन झोपली. दुसऱ्या टोकाला एक पुढारी चहाच्या टपरीवर म्हणाला, "पैशासाठी गेला आन आता सरकारनं सोडवायचा व्हय?" कौतुक करणारे आणि हिणवणारे, दोघांपैकी एकानेही आमच्या दारात येऊन, नक्की काय झालं, असं विचारलं नाही. रणगाड्यावरच्या माणसाच्या पायात फाटके मोजे आहेत आणि तो दिवसभर खंदक खणतो, हे त्यांना नको होतं.

हे मला कळत होतं ते अधूनमधून येणाऱ्या तुटक फोनवरून. पुढे नेलंय. तोफगोळ्यांच्या पेट्या वाहायच्या. डोक्यावर ड्रोन फिरतात. हुकूम समजत नाही. बाजूचा माणूस पळाला की पळायचं, झोपला की झोपायचं. बरोबर आणखी एक भारतीय होता, उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. तो एका सकाळी पेटी घेऊन गेला आणि आला नाही. एवढंच सांगून भाऊ फोनवर गप्प झाला. मी "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले आणि तो तिथेच होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

मग तो जखमी झाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, मांडीत तोफगोळ्याचे कपचे घुसले. ही बातमी ऐकून मला हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. पण जखमी म्हणजे इस्पितळ आणि इस्पितळ म्हणजे मागे, गोळ्यांपासून लांब. तिथे वकिलातीचा माणूस त्याला भेटला. दिल्लीतून हालचाल झाली, कागद हलले आणि गेल्यापासून सात महिन्यांनी माझा भाऊ पुण्याच्या विमानतळावर एका प्लॅस्टिकच्या पिशवीसह बाहेर आला. पोरगी त्याच्याकडे धावली आणि हात बघून मध्येच थांबली. मग पुढे झाली आणि तिने त्याचा डावा हात धरला.

मला वाटलं, संपलं. पण दोन आठवड्यांत चौकशीची नोटीस आली. जबाबासाठी हजर राहावे.

आम्ही चौघं गेलो: भाऊ, वकील, सुभेदार आणि मी. या वेळचे अधिकारी वेगळे होते, वयाने तरुण, बोलायला सभ्य. त्यांनी भावाला बसायला खुर्ची दिली. सगळं क्रमाने विचारलं आणि भाऊ क्रमाने सांगत गेला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गोळी झाडलीत का?"

वकील काही म्हणणार होते, पण भावाने हात वर करून त्यांना थांबवलं.

"झाडली. दोनदा. म्होरं झाडी व्हती, दिसत काय न्हवतं. मागून वरडले, म्हनून झाडली." तो अधिकाऱ्यांकडे बघत होता. "साहेब, तुमीच सांगा. कुनाला लागली आसंल का?"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तोवर मी त्या कायद्यावर फक्त चिडले होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं की तो कायदा कुणासाठी आहे. त्या झाडीत कुणी असलंच, तर त्याचं आणि माझ्या भावाचं काय वैर होतं? महाळुंग्याच्या माणसाने तिकडे जाऊन त्याच्यावर गोळी झाडू नये, हे बरोबरच आहे. असा कायदा हवाच. आणि म्हणूनच माझा संताप दुप्पट झाला. भावाची बोटं गेली ती गेलीच, पण त्याच्या माथी हा प्रश्न कुणी मारला? तो आता मरेपर्यंत स्वतःला हेच विचारत राहणार. नकाशाखाली बसून चहा मागवणाऱ्या माणसाला मात्र हा प्रश्न कुणीही विचारणार नव्हतं.

जबाब टाइप होऊन आला. उजव्या हाताने सही होत नव्हती, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचं ठरलं. शाईचं पॅड पुढे आलं. मी म्हणाले, "आधी मी वाचते."

दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं: "मी राजीखुशीने सदर परदेशी सैन्यात दाखल झालो."

"साहेब, हा शब्द काढा."

टाइप करणारे हवालदार म्हणाले, "अहो ताई, ती जबाबाची भाषाच असते. सगळ्यांच्यात लिहितो आपण."

"मलाही माहीत आहे. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता.' मी रोज लिहिते, झोपेतही लिहू शकते. म्हणूनच सांगते. हा एक शब्द राहिला तर माझा भाऊ गुन्हेगार आणि तो एजंट सुटला. काढा तो."

"पुन्हा सगळं प्रिंट काढावं लागेल."

"मग काढा." माझा आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला असणार. "सात महिने याची चामडी सोलली, तेव्हा कुणाला घाई नव्हती. आता पाच पानं छापायचा कंटाळा आला?"

सुभेदार उठले आणि अंगठा लावायच्या टेबलापुढे सावधानमध्ये उभे राहिले. शेवटी अधिकारीच हवालदारांना म्हणाले, "बदला ते. त्या सांगतात तसं लिहा." मी सांगितलं: "गोदामातील कामाचे खोटे आश्वासन देऊन, न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही घेऊन, पासपोर्ट काढून घेऊन मला सैन्यात भरती करण्यात आले." प्रिंटरमध्ये कागद अडकला, दोनदा. आम्ही थांबलो. मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि तेव्हाच भावाने अंगठा लावला. गोळी झाडल्याचं वाक्य त्यात तसंच राहू दिलं. ते काढू नका, असं त्यानेच सांगितलं.

त्या जबाबावरून अखेर एजंटवर गुन्हा नोंदला गेला. त्याला अटक झाली, जामीन मिळाला, आणि आता त्याच ऑफिसवर दुसऱ्या नावाची पाटी आहे. भावाची चौकशी बंद झाल्याचं पत्र अजून आलेलं नाही. वकील म्हणतात, येईल. वकिलातीने परत मिळवून दिलेला पासपोर्ट आता पोलिसांकडे जमा आहे. तो कुठे परत मागतोय?

मागच्या महिन्यात आमच्या नात्यातलं एक लग्न ओझरला होतं. गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. अक्षता पडत असताना डोक्यावर घरघर सुरू झाली. फोटोवाल्याने ड्रोन उडवला होता. मी वळून बघितलं तर भाऊ जागेवर नव्हता. तो जेवणाच्या टेबलाखाली पालथा पडला होता, डोकं दोन्ही हातांत धरून. आसपासचे काहीजण हसले. एकाने मोबाइल काढला. पोरगी टेबलाचा कपडा वर करून आत शिरली आणि बापाजवळ बसली.

मी ड्रोनवाल्याकडे गेले. "खाली घे ते."

"ताई, पॅकेजमधी हाय. नवरीचा शॉट राहिलाय अजून."

"खाली घे म्हणते ना!"

सनई थांबली नव्हती, पण लोक आमच्याकडे बघायला लागले. नवरीचा मामा धावत आला. "काय झालं राव? लग्नात कशाला तमाशा?" मी त्याला टेबलाकडे बोट दाखवलं आणि जे काही माझ्या तोंडात आलं ते सगळं त्या मंडपात बोलले. एजंटबद्दल, व्हिडिओबद्दल, टपरीवरच्या पुढाऱ्याबद्दल. मोबाइल काढणाऱ्याला म्हणाले की आता माझा व्हिडिओ काढ आणि टाक तुझ्या ग्रुपवर. त्याने फोन खिशात घातला.

मामाने ड्रोनवाल्याला खूण केली. ड्रोन खाली आला, पंखे थांबले. मामा स्वतः टेबलापाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि कपड्याखाली डोकं घालून म्हणाला, "पावणं, या भाईर. बंद केलंय ते. या, पंगत बसतीया."